वाशीमची बंगई

दिवाळी आठ दिवसांवर आली की मध्यमवर्गीय घरातल्या लाकडी सामानाचे ग्रह फिरतात. एरवी वर्षभर ज्या टेबलाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्याच्या अंगावरचे डाग एकाएकी साऱ्या घराला दिसू लागतात. कोणी ओले फडके घेऊन धावतो, कोणी काचकागद आणतो आणि ‘एकदाचे नव्यासारखे करून टाकू’ असे ठरते. गेल्या वर्षी आमच्याकडे हेच ठरले आणि बळी पडली ती वडिलांची आरामखुर्ची.

तिचे लांब हात वडिलांच्या तळव्यांनी चाळीस वर्षे घासून गुळगुळीत केलेले. उजव्या हातावर पानाचा डबा ठेवून ठेवून जागा जराशी खोलगट झालेली. शहरातल्या एका कारखान्याने ती यंत्राने घासली, वर काचेसारखे लुकण चढवले आणि घरपोच आणून दिली. आम्ही सारे खूष. आईने मात्र खुर्चीच्या हातावरून एकदा बोटे फिरवली आणि ती मुकाट्याने पलंगावर जाऊन बसली. त्या खुर्चीत ती पुन्हा कधी बसली नाही. बोललीही काही नाही, म्हणूनच मला ते अधिक लागले.

यंदा आश्विनात वाशीमहून मामींचा फोन आला. घराचा सौदा झाला आहे, त्या आता अकोल्याला लेकीकडे राहायला जाणार, ‘बंगई तुम्हाला हवी तर घेऊन जा.’ वऱ्हाडात झोपाळ्याला बंगई म्हणतात. ही बंगई आईच्या वडिलांनी करवून घेतलेली. आई एवढेच म्हणाली, “आण. पण तिला रंधा लावणार असशील तर आणू नकोस.”

अकोल्याला उतरून मी वाशीमची गाडी धरली. लहानपणी याच मार्गावर मीटरगेजची गाडी होती. आता रूळ रुंद झाले आहेत, पण खिडकीबाहेरची काळी माती तीच. सोयाबीन निघाले होते, शेतोशेती गंजी रचल्या होत्या. गावात शिरल्यावर आधी बालाजीचे दर्शन घेतले. भवानी काळू यांनी १७७९ साली बांधलेले हे देऊळ आमच्या आजोळच्या दिवसाचे घड्याळच होते. आरती झाली की आजोबा बंगईवर बसायचे.

आजचे वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथेच १९३९ साली मिळाला. तांबे टिकले. राजवाड्यातली आसने, मंचक, लोड मात्र कुठे गेले? लाकूड आणि कापूस यांना वाळवी, ओल आणि वेळ यांच्यापुढे फार काळ टिकाव धरता येत नाही. पण याच शाखेतल्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे पाचव्या शतकात कोरवले, आणि अजिंठ्याच्या चित्रांत टेकायच्या उशा, बैठकी, चौरंग असे घरचे सामान पाहायला मिळते. दुसऱ्या लेण्यात तर झोक्यावर बसलेली नागकन्या इरंदती आहे. लाकडाचे झोके गेले, रंगातला झोका राहिला. मनात आले, आपल्या बंगईला काही कोणी लेण्यात रंगवणार नाही. तिला जपायचे तर ते आपणच.

मामींनी गल्लीतल्या वृद्ध मिस्त्रींना बोलावून ठेवले होते. ओसरीवरची बंगई मी नीट निरखली आणि माझा जीव थोडासा झाला. फळीला मधोमध लांब चीर, दोन ठिकाणी खोलगट भाग, एका कडेला पांढरे वलय, खाली जमिनीवर चिमूटभर भुसा. मी एकेक दोष मोजून दाखवला. मिस्त्रींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “भाऊ, याच्यात दुखणं एकच हाये, न् एक तं तुमाले दिसलंच नाही.”

मग त्यांनी एकेक उलगडा केला. चीर हा रोग नव्हे. वाशीमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा लाकडातले पाणी ओढून घेते, पावसाळ्यात ते परत देते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र आकसते आणि फुगते. वैशाखात चिरेत भुकटी आणि सरस भरला तर श्रावणात फळीला फुगायला जागा उरत नाही आणि ती शेजारी नवी चीर पाडते. पांढरे वलय मामांच्या गरम चहाच्या कपाचे. जुने पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. तिला ऊन भांडे आणि पाणी दोन्ही सोसत नाहीत, पण डाग बहुधा वरच्या थरातच असतो. जाणत्याने स्पिरिटचा बोळा हलक्या हाताने फिरवला की तो जातो, त्यासाठी लाकूड खरवडावे लागत नाही.

दुखणे होते ते भुशाचे. सागाचा गाभा तेलकट, किडीला सहसा दाद देत नाही. पण फळीच्या एका कडेला सालीलगतचे पांढुरके लाकूड राहून गेले होते, त्यात घुण शिरला होता. मिस्त्रींनी तेवढीच पट्टी काढून जुन्या सागाची बसवली.

आणि मला न दिसलेले? त्यांनी वर बोट दाखवले. तुळईतला आकडा आणि साखळीची पहिली कडी एकमेकांवर घासून निम्म्याने बारीक झाली होती. वर्षानुवर्षे आम्ही खाली पाहून पॉलिशची चर्चा करत होतो. मिस्त्री म्हणाले, “लाकूड झिजलं तं बसाले बरं होते. लोखंड झिजलं तं मानूस पडते.”

माझ्या खुर्चीचे काय चुकले ते त्या एका वाक्यात मला कळले. झीज दोन तऱ्हेची. एक वस्तूला माणसाच्या मापाची करते, दुसरी माणसाला धोक्यात घालते. पहिली राखायची, दुसरी वेळेवर दुरुस्त करायची. आपण नेमके उलटे करतो.

बंगईवरच्या गादीलाही हाच न्याय. खिडकीकडची बाजू उन्हाने विटली होती, कापसाच्या गाठी झाल्या होत्या. मामींनी पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घेतला आणि गादी टम्म फुगली. आमच्या सोफ्यातला फोम मात्र उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो, चुरा होतो, तो काही पिंजता येत नाही. म्हणून त्याच्या उशा महिन्याकाठी उलटसुलट कराव्यात, तो उन्हाच्या तिरिपेतून बाजूला ठेवावा आणि धूळ मऊ ब्रशाने काढावी. धुळीतले बारीक कण कापडाला काचकागदासारखे कापतात.

फळीच्या टोकाशी पाचसहा बारीक खळगे होते. ते भरून घेऊ का, असे मी विचारले. मामी म्हणाल्या, “मी या घरात आले तेव्हाही ते होते बाबा. राहू दे.” निघताना त्या बंगईच्या डाव्या बाजूला क्षणभर बसल्या. उजवीकडचा खोलगट भाग मामांचा. तो रिकामा ठेवूनच त्या इतकी वर्षे बसत आल्या होत्या. मग उठल्या आणि मिस्त्रींना म्हणाल्या, “उतरवा आता.”

फळी आम्ही जुन्या गोधड्यांत बांधली. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते.

घरी नवे आकडे बसवून बंगई टांगली. पॉलिश केले नाही, कोरड्या मऊ फडक्याने पुसून किंचित मेण चोळले. आई आली, टोकाशी बसली. तिची बोटे न शोधता त्या खळग्यांवर गेली आणि ती हसली. “इथे मी चिंचोके फोडायची. आबांनी केवढा मार दिला होता!”

वाचकहो, यंदा काचकागद हाती घेण्यापूर्वी घरातल्या वडील माणसाला एकदा विचारा, आणि झोपाळा असेल तर आधी वरच्या कडीकडे पाहा.