पिवळ्या रेषेवरून

डांबरी रस्त्याच्या अगदी मधोमध मी आजवर एकदाच चालले होते, माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाटात. घाट त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. तसा रस्ता दुसऱ्यांदा भेटला तो थेट अमेरिकेत, मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये.

सिॲटलहून, लेकाकडून निघाल्यावरचे दोन दिवस मोटारीच्या काचेमागे गेले. मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी ॲव्हलांच क्रीकपाशी रस्त्यावर आडवं फाटक आलं. सगळ्या गाड्या तिथेच थांबल्या. भाड्याची सायकल मी फाटकाच्या कडेने पलीकडे नेली, आणि दहा मिनिटांत कानात फक्त मॅकडॉनल्ड क्रीकचं पाणी उरलं. पाणी इतकं नितळ की तळातले तांबडे-हिरवे गोटे वरून दिसत होते. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीत धबधब्यासमोर उभी होते, तर हॉर्न आणि गाड्यांमधल्या गाण्यांपुढे धबधबा ऐकूच येईना. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

या रस्त्याचं नाव गोइंग टू द सन रोड. 1933 मध्ये तो खुला झाला. लांबी सुमारे 80 किलोमीटर. वर 2026 मीटर उंचीच्या लोगन खिंडीत एवढं बर्फ साचतं, की एप्रिलपासून यंत्रं लावूनही रस्ता मोकळा व्हायला बहुतेकदा जून उलटत येतो. तोवर फाटकापलीकडे चालणारे आणि सायकलवाले.

लूप नावाच्या वळणाच्या थोडं अलीकडे दम खायला थांबले, तर समोरून एक सहा-सात वर्षांची मुलगी पिवळ्या मधल्या रेषेवरून सायकल चालवत येत होती. जीभ दातांत धरलेली, नजर पुढच्या चाकावर. मागे आजोबा, हात सीटपासून वीतभर लांब. आधाराची छोटी चाकं त्यांनी त्याच सकाळी काढली होती.

"सायकल शिकायला याहून चांगला रस्ता कुठे मिळेल?" ते म्हणाले.

आम्ही कठड्यावर बसलो. मी डब्यातल्या दशम्या आणि लसणाची चटणी काढली. पोरीने चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा मागितली. आजोबांनी तरुणपणी काही वर्षं बर्फ काढायचं काम केलेलं. वर हिमलोट कोसळतात, त्या जागचे लाकडी कठडे हिवाळ्याआधी काढून ठेवतात, नाहीतर ते दरीत जातात, असं त्यांनी सांगितलं. अख्ख्या चढाला लूप हे एकच मोठं वळण कसं, असं मी विचारलं. पहिल्या आराखड्यात अशी पंधरा वळणं होती, ते म्हणाले. टॉमस व्हिंट नावाच्या आरेखकाने डोंगर इतका चिरायला हरकत घेतली आणि कड्याच्या अंगाने लांब, सहा टक्के चढाचा रस्ता सुचवला. तो चढ माझ्या एकसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना झेपत होता. त्या व्हिंटचे मी मनापासून आभार मानले.

निघताना आजोबांनी बजावलं, "उतरताना प्रत्येक वळणावर ओरडा. सायकलचा आवाज होत नाही. अस्वलाला तुमची चाहूल आधी लागायला हवी."

काय ओरडायचं? तोंडातून आपसूक निघालं, "विठ्ठल!"

"कोणाला हाक मारताय?" पोरीने विचारलं.

मी तिला वारीचं सांगितलं. लाखो माणसं दरवर्षी चालत त्याला भेटायला जातात, आणि त्यांच्यासाठी गाड्या थांबतात. तिने आजोबांकडे पाहिलं आणि विचारलं, "आपण जाऊ या?"

लूपपर्यंत जाऊन मी माघारी वळले. ती दोघं अजून त्याच टप्प्यावर घिरट्या घालत होती. हात करून पुढे निघाले. पहिल्या वळणावर ओरडले, दुसऱ्यावर ओरडले. तिसऱ्या वळणावर श्वास घ्यायला थांबले, तेव्हा वरच्या झाडीतून बारीक, खणखणीत आवाज आला, "विट्टल!"

मी खालून ओ दिली.