आज गैरहजर

माणसाला पत्त्यावरून ओळखायची वेळ फक्त पोस्टमनवर येते. बाकी आपण सगळी नावाची माणसं. 'तिसरा मजला, खोली नंबर सतरा यांचं लग्न जमलं' या बातमीत काही राम नाही. नाव कळलं की तिच्यात जीव येतो. इंटरनेटवरच्या पानांचंही तसंच आहे. प्रत्येक पानाला तिरप्या रेघा, टिंबं, आकडे आणि मध्येच एखादं प्रश्नचिन्ह असलेला लांबलचक पत्ता असतो आणि त्याच पानाच्या पोटात एक सुटसुटीत शीर्षकही असतं.

आमच्या अक्काने गेल्या पंधरा वर्षांत असे ९०० पत्ते जमवले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, वय वर्षे ८१. वाचून आवडलं की त्याचा पत्ता एका फाइलीत टाकायचा, हा तिचा नेम. फक्त पत्ता. "नाव माझ्या लक्षात राहतं," असं ती म्हणायची. आता नावं लक्षात राहत नाहीत आणि डोळेही अधू झालेत. संगणक तिला मोठ्याने वाचून दाखवतो खरा, पण काय वाचायचं ते आधी ठरवायला नको? नुसता पत्ता दिला, की तो 'एच टी टी पी एस कोलन स्लॅश स्लॅश' असा जप सुरू करतो.

तेव्हा तिच्या नातीने मनावर घेतलं. ही कन्या इंजिनिअरिंगला आहे. तिने शीर्षकं गोळा करून आणणारा एक प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहिला. "भाषेला सापाचं नाव कशाला?" अक्काने विचारलं. पण हे नाव सापाचं नाहीच. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली ही भाषा प्रसिद्ध केली, आणि नाव घेतलं ते 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या बीबीसीच्या विनोदी मालिकेवरून. विनोदाचा एवढा गंभीर उपयोग झालेला पाहून आम्हा विनोदी लिहिणाऱ्यांना तेवढाच धीर!

प्रोग्रॅम 'मल्टिथ्रेडेड' होता. थ्रेड म्हणजे धागा. एका पानाला शीर्षक विचारायचं, उत्तर आलं की दुसऱ्याला, असं करत गेलं तर प्रत्येकी दोन सेकंद धरूनही ९०० पानांना अर्धा तास लागतो, आणि त्यातला बहुतेक वेळ नुसती वाट बघण्यात जातो. एकाच्या जागी दहा धाग्यांनी वाट बघितली, की काम तीन मिनिटांत. हे ऐकून अक्का हसायला लागली. लहानपणी रॉकेलच्या रांगेत मी, साखरेच्या रांगेत ती आणि दुधाच्या रांगेत धाकटा भाऊ, असे आम्ही एकाच वेळी उभे असायचो. आईला पायथन येत नव्हतं. मल्टिथ्रेडिंग उत्तम येत होतं.

पायथनमध्ये एक कुलूप असतं. त्याला 'ग्लोबल इंटरप्रिटर लॉक' म्हणतात. धागे कितीही असोत, पायथनचं काम एका वेळी एकच धागा करणार. चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आठ बिऱ्हाडं आणि संडास एक. पण चहा पिऊन 'होईल, होईल' म्हणत गॅलरीत फेऱ्या घालणारा माणूस काही संडास अडवत नाही. तसाच उत्तराची वाट बघणारा धागा कुलूप सोडून बाहेर उभा राहतो, म्हणून आमच्या कामात या कुलपाची अडचण नव्हती. मोठमोठे हिशेब करायचे असते तर झाली असती. २०२४ साली आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून बिनकुलपाचा पायथनही वेगळा मिळू लागला आहे. म्हणजे सेल्फकंटेन्ड ब्लॉकच!

नातीने पहिल्या फेरीत ९०० पत्त्यांना ९०० धागे सोडले. पडद्यावर दोन-दोन शीर्षकं एकाच ओळीत दाटीवाटीने बसली. एकाच संकेतस्थळाची साठ पानं होती, तिथे साठ धागे एकदम गेले. गणपतीच्या वर्गणीला साठ पोरं एकाच दारात आली तर घरमालक काय करील? त्या स्थळाने तेच केलं. ४२९ हा आकडा दाखवला, म्हणजे 'फार वेळा विचारता', आणि दार लावून घेतलं. शेवटी एक पान असं भेटलं, की ते उत्तरही देईना आणि नाहीही म्हणेना. किती वेळ थांबायचं हे प्रोग्रॅमला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो थांबूनच राहिला. चहा दोनदा झाला.

मी सारी हयात कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली आहे. म्हटलं, "बाळ, दहाच कारकून नेम. बाकीचे कागद ट्रेमध्ये ठेव. हातातला संपला की पुढचा."

"आजोबा, याला थ्रेड पूल म्हणतात," ती म्हणाली. "२०११ सालच्या ३.२ आवृत्तीपासून पायथनमध्ये तयारच मिळतो."

मग दहा धागे नेमले गेले. एका स्थळाच्या दारात एका वेळी एकच जाणार. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुढे निघायचं. सगळ्यांनी निकाल आणून द्यायचे आणि यादी अक्काच्याच क्रमाने एकाच हाताने लिहायची. माझ्या हट्टाखातर 'शेरा' हा एक रकानाही आला. आधी जिथे शीर्षक मिळालं नाही, तिथे प्रोग्रॅम रिकामी ओळ सोडून मोकळा होत होता. रिकामी ओळ म्हणजे फाइल हरवलेल्या कचेरीचं मौन!

दुसरी फेरी पाच मिनिटांत आटोपली. ७२० शीर्षकं हाती आली. काहींचं नाव नुसतंच 'अनटायटल्ड डॉक्युमेंट'; जन्म दिला, पण बारसं राहिलं. काही जुन्या मराठी पानांची शीर्षकं कुणालाच वाचता येईनात, कारण युनिकोड रुळण्याआधी ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा होता. उरलेल्या १८० ओळींवर शेरे होते.

"ही गेली, आजी. काढून टाकू?" नातीने विचारलं.

अक्का एकदम गप्प झाली. पंधरा वर्षांचं वाचन होतं ते. मग म्हणाली, "शेरे वाच."

११६ पानांपुढे ४०४ होतं, म्हणजे 'या नावाचं कुणी इथे राहत नाही'. "राहू दे," अक्का म्हणाली. ६४ पानांपुढे होतं 'वेळेत उत्तर नाही'.

"त्यांना पुन्हा विचार. मी वर्गात हजेरी दोनदा घ्यायची. पहिल्या वेळी काही पोरं पाणी प्यायला गेलेली असतात."

नातीने चार ओळींची भर घातली. थोडं थांबून फक्त त्या ६४ जणांनाच पुन्हा हाका मारल्या. ४१ जण 'हजर' म्हणाले. त्यातल्या एकाचं शीर्षक यंत्राने उच्चारलं, 'माईनमुळ्याचं लोणचं', आणि अक्का खुर्चीत सरसावून बसली. "थांब, थांब! हेच मी दोन वर्षं शोधतेय. सगळं वाच."

उरलेल्या २३ जणांपुढे नातीने 'गैरहजर' असा शेरा टाइप केला. लोणचं वाचून झाल्यावर अक्काने तेवढा एक शब्द वाढवायला लावला. आता तिथे 'आज गैरहजर' असं आहे.