ऐंशी दिवस आणि एक शनवार

पॅरामॅटाच्या जॉर्ज स्ट्रीटवर १९३० साली रॉक्सी सिनेमागृह उघडले. इमारत उभी आहे, पण तेथे चित्रपट दाखविणे केव्हाच बंद झाले. म्हणून गेल्या सुट्टीत आमचा सिनेमा घरच्या दिवाणखान्यातच झाला. शनवारी शब्बाथ सरल्यावर मोठ्यांच्या हट्टाने १९५६ चा 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' लावला, आणि रविवारी मुलांच्या हट्टाने त्याच कथेवरचा २००४ चा.

मूळ कादंबरी ज्यूल व्हर्नची. फिलिअस फॉग ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पैज घेतो. जुना चित्रपट काढला माइक टॉडने; हा पोलंडहून अमेरिकेत आलेल्या एका यहुदी रब्बीचा मुलगा. उत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर त्याला मिळाली. तीन तासांचा पसारा, मुले जांभया देऊ लागली. पण मुंबई आली, आगगाडी आली, रूळ संपले म्हणून हत्ती आला, तशी आमची आई खुर्चीत पुढे सरकली. सतीच्या चितेवरून सोडविलेली औदा कादंबरीत मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी आहे. चित्रपटात ती झाली आहे शर्ली मॅक्लेन ही अमेरिकन नटी. आई म्हणाली, "ही कुठली आपल्याकडची!"

नव्या चित्रपटात नोकराच्या भूमिकेत जॅकी चॅन. मारामाऱ्या झकास, मुले खूष. पण औदाच नाही! तिच्या जागी पॅरिसची एक चित्रकार मुलगी. हिंदुस्थान थोडक्यात आटोपला. उलट नोकराचे चीनमधील गाव मात्र सविस्तर आले. तेथून चोरीला गेलेली बुद्धमूर्ती तो परत नेतो.

ते पाहून धाकट्याने विचारले, "पपा, तो आपल्या गावी गेला. आपलं गाव कोणतं?"

आई म्हणाली, "नवगाव. तिथं आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं." आम्ही म्हणालो, मुंबई. थोरली म्हणाली, इस्राएल. धाकटा म्हणाला, "मग पॅरामॅटा नाही का?" कोणालाच खोटे ठरविता येईना.

आम्हांला औदाची उणीव का भासली ते तेव्हा कळले. नव्या चित्रपटातला नोकर गावी परततो. औदा मुंबईला परतत नाही. लंडनमध्येच संसार मांडते. आपण तिच्याच वाटेने आलो.

शेवट दोन्हीकडे तोच. पूर्वेकडे जात राहिल्याने एक दिवस पदरात पडतो. कादंबरीत फॉग रविवार समजून हताश बसलेला असतो, आणि असतो शनवार! कोकणात तेलाचा घाणा शनवारी बंद ठेवीत म्हणून आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. गाव बदलले, धंदे बदलले. लोकांनी ओळखले ते त्या वारावरून. येथे शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागतात तेव्हा मुंबईत अजून दुपार असते. पण वार तोच.

मुलांनी गाव कोणतेही सांगावे. शनवार मात्र त्यांच्या हिशेबातून सुटू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.