राजाचं वजन

अनंत चतुर्दशीला लालबागचा राजा मंडपाबाहेर पडतो, तेव्हा सगळ्यांचे डोळे वर, मुकुटाकडे असतात. मला चाकांकडे पाहत राहावंसं वाटतं. रस्ता सपाट आहे. मूर्तीचा सगळा भार चाकांनी आणि चाकांखालच्या डांबराने आधीच पेललेला आहे. गाडी ओढणाऱ्या पोरांना तो उचलायचा नाही. तरी पहिल्या जोराला गाडी दाद देत नाही. पाय रोवले जातात, खांदे लागतात, जयजयकार होतो, तेव्हा कुठे ती तसूभर सरकते. आणि एकदा चालू लागली की तिला थोपवायला पुन्हा तेवढाच घाम. यात थोडं घर्षण आहे, पण बाकीचं जे त्या हातांना जाणवतं ते वजन नव्हे. ते वस्तुमान. जागचं न हलण्याचा आणि हललं की न थांबण्याचा हट्ट.

वजन वेगळं. ती पृथ्वीची ओढ, आणि ती गावोगावी थोडी बदलते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, शिवाय फिरते आहे. म्हणून पडत्या वस्तूचा वेग मुंबईत दर सेकंदाला ९.७९ मीटर प्रति सेकंदाने वाढतो, तर लंडनमध्ये ९.८१ने. परळमधला साठ किलोचा माणूस इथलाच स्प्रिंगचा काटा घेऊन लंडनला गेला, तर तो काटा त्याला दीडशेहून अधिक ग्रॅम जास्त दाखवेल. माणूस तोच, अंगात काही भर नाही.

दोन पारड्यांचा तराजू मात्र फसत नाही. लालबागच्या मसाला गल्लीत एका पारड्यात बेडगी मिरची आणि दुसऱ्यात लोखंडी माप ठेवलं, की पृथ्वी दोघांनाही सारखीच ओढते आणि तिची ओढ हिशेबातून निघून जाते. हाच तराजू चंद्रावर नेला तरी किलोभर मिरची किलोभरच भरेल. तिथली ओढ इथल्या एक षष्ठांश. गल्लीतल्या डंकाची मुसळं तिथे इतकी सावकाश खाली येतील की मसाला कुटायला दिवस सरेल. पण मिरची तेवढीच राहील.

मग वस्तुमानाचा हा हट्ट वस्तूत येतो कुठून? जयंत नारळीकरांनी या प्रश्नाचा फार खोलवर पाठपुरावा केला. फ्रेड हॉइल यांच्यासोबत १९६४ साली केंब्रिजमध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्यात माख या तत्त्वज्ञ-शास्त्रज्ञाचा विचार गणितात उतरवला होता: कुठल्याही वस्तूचं वस्तुमान तिचं एकटीचं नसतं, विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे ते तिला मिळतं. पुढे १९७२पासून बरीच वर्षं नारळीकर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, लालबागहून बसने जाता येईल इतक्या अंतरावर. त्यांचा सिद्धांत सर्वमान्य झाला नाही, हे सांगायलाच हवं. तरी मला त्याचं मोल फार वाटतं. गाडीला खांदा लावणाऱ्या पोराला जे अडवतं, त्यात दूरच्या दीर्घिकांचाही वाटा असेल, असं गंभीरपणे मांडणारा माणूस आपल्या भाषेत बोलत होता, लिहीत होता. २०२५च्या मे महिन्यात ते गेले.

त्याच वर्षीच्या विसर्जनात वजन आणि वस्तुमान यांची फारकत साऱ्या मुंबईने पाहिली. डांबर संपून गिरगाव चौपाटीची वाळू लागली की वजन आपला हक्क सांगतं. चाकं रुतू लागतात. पाण्यात शिरलं की ते ओसरू लागतं, कारण जेवढं पाणी बाजूला सरतं तेवढ्याच वजनाचा आधार समुद्र खालून देतो. वस्तुमान मात्र रतीभरही कमी होत नाही. लाटेने हलवलेली मूर्ती सावरायला रस्त्यावर लागला तेवढाच जोर लागतो, आणि आता तर पायाखाली धड जमीनही नसते.

७ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी राजा चौपाटीवर पोहोचला, तेव्हा भरती चढत होती. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. सूर्य, पृथ्वी, चंद्र जवळजवळ एका ओळीत, आणि म्हणून समुद्राला उधाण. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे पावणेदोनशेपट जोराने ओढतो, पण भरती आणण्यात चंद्राचा हात सूर्याच्या दुपटीहून मोठा. भरती ठरते ती पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीतल्या फरकावरून, आणि चंद्र जवळ असल्याने त्याच्या ओढीत हा फरक जास्त पडतो. त्या दिवशी तर ओळ इतकी सरळ होती की रात्री खग्रास चंद्रग्रहण लागलं.

खोल पाण्यात नेण्यासाठी मूर्ती तराफ्यावर चढवायची होती, पण पाण्यावर डुलणाऱ्या त्या तराफ्यावर ती काही केल्या चढेना. वजन हलकं झालं म्हणून काम सोपं झालं नाही, उलट अडलं. स्थिर ठेवायला, टेकवायला, नेम धरायला वजनच लागतं. कार्यकर्ते तासन्‌तास पाण्यात उभे होते. १९३४ साली ज्या वस्तीने हा गणपती बसवला तिच्यात कोळी होते, आणि कोळ्याला पाण्याशी घाई करता येत नाही हे ठाऊक असतं. ओहोटी लागली, पाणी उतरलं, मूर्तीला तिचा भार परत मिळाला. मग ती तराफ्यावर घेता आली, आणि रात्री नऊच्या सुमारास खोल पाण्यात विसर्जन झालं.