दुकानाची पायरी

पुण्याच्या रविवार पेठेत सकाळी दहाच्या सुमारास एकेक शटर वर जाऊ लागते. बोहरी आळीत हातगाड्या, टेम्पो आणि पाठीवर खोकी घेतलेले हमाल यांतून वाट काढावी लागते. प्रसाधनांच्या ठोक दुकानांत टिकल्यांची पाकिटे, मेंदीचे कोन, पावडरीचे डबे, तेलाच्या बाटल्या आणि चेहऱ्याला लावायच्या मलमांची खोकी छतापर्यंत रचलेली असतात. भोर, सासवड, मंचर अशा गावांकडचा किरकोळ दुकानदार खिशातून यादी काढतो, भाव विचारतो आणि पटला नाही तर ‘पुढे पाहून येतो’ एवढेच म्हणून बाहेर पडतो. त्याला कोणी अडवत नाही. तासाभराने तो परत आला तर त्याच आवाजात ‘या’ म्हटले जाते. माघारी आलेला ग्राहक हा पेठेत अपमानाचा विषय नसतो. भावाची खात्री झाल्याचे ते लक्षण असते.

जुन्या पेठांतील कित्येक दुकानांना रस्त्यापासून एक-दोन पायऱ्या असतात. पावसाचे पाणी आत येऊ नये, हा त्यांचा साधा उपयोग. परंतु व्यापाराच्या दृष्टीने त्या पायरीला आणखी एक अर्थ आहे. ग्राहक पायरी चढून येतो तो आपल्या इच्छेने, आणि रिकाम्या हाताने पायरी उतरण्याचाही त्याला तितकाच अधिकार असतो. मालाचा दर्जा, भाव, वजन यांची चर्चा पुष्कळ होते. मात्र या उतरण्याच्या अधिकारावर सगळा व्यवहार उभा आहे, याची आठवण तो अधिकार हिरावला गेल्याखेरीज होत नाही.

बोहरी आळीतून निघून लक्ष्मी रस्ता ओलांडला की तुळशीबाग लागते. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे, म्हणजेच तुळशीबागवाले, यांनी येथे राममंदिर उभारले. पूर्वीच्या तुळशीच्या बागेवरून पडलेले नाव आजही टिकून आहे. मंदिराभोवती बांगड्या, कुंकू, पितळेची भातुकली, केसांचे आकडे आणि अलीकडे नखांचे रंग, ओठांचे रंग यांची दुकाने दाटली आहेत. येथे घासाघीस हा संभाषणाचाच एक प्रकार आहे. दोनशेची वस्तू सव्वाशेला मागून पाठ फिरवणारी आजी आणि तिला चार पावलांवरून हाक मारणारा विक्रेता, दोघेही आपापली भूमिका जाणतात. येथेही आग्रह आहे, हाकाही आहेत. पण सारे उघड्यावर आहे. आजी उभी आहे, पिशवी तिच्या खांद्यावर आहे आणि शेजारचे दुकान दोन हातांवर आहे.

लक्ष्मी रस्त्यावरील साड्यांच्या दुकानांत आग्रह अधिक सूक्ष्म होतो. पांढऱ्याशुभ्र गादीवर बसवून थंडगार पाणी आणि चहा दिला जातो. एकामागून एक पन्नास साड्या उलगडल्या जातात. मग न घेता उठताना ग्राहकाचा पाय जड होतो. ‘एवढ्या साड्या पसरल्या, आता काहीतरी घ्यायला हवे’ ही भावना विकणाऱ्याला ठाऊक असते. जाणता व्यापारी ‘घेतलेच पाहिजे असे नाही, पुन्हा या’ असे म्हणून तो भार स्वतः उतरवतो. दुसरा त्या भाराचाच भाव वसूल करतो. पुणेरी दुकानदाराच्या तुटकपणावर अनेक विनोद झाले; पण गिऱ्हाइकाच्या संकोचावर धंदा करणे त्या तुटकपणात बसत नाही, ही त्याची दुसरी बाजू विनोदात येत नाही.

या पेठांतून आणि मार्केट यार्डातून आयुष्य घालवलेली कुटुंबे आता सुट्टीत समुद्रपर्यटनालाही जाऊ लागली आहेत. द्रुतगती मार्गाने मुंबई गाठावी, बॅलार्ड पिअरच्या बंदरातून जहाजात बसावे आणि गोवा, कोची किंवा लक्षद्वीप पाहून परतावे, असा कार्यक्रम २०२१ नंतर पुण्याच्या माणसाला सहज आवाक्यातला झाला. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवरही भारतीय कुटुंबांची गर्दी असते. कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्या जेवणाची सोय आहे, याची खात्री करूनच नाव नोंदवले जाते. ताटाची एवढी चौकशी होते. पण जहाजाच्या वरच्या मजल्यावर, मंद दिवे आणि सुगंधी तेलांच्या दालनात काय विकले जाते, याची चौकशी कोणी करत नाही.

जगभरातील मोठ्या प्रवासी जहाजांवर हे दालन, म्हणजे स्पा, बहुधा जहाजाच्या कंपनीचे नसते. वेगळी संस्था ते कराराने चालवते आणि उत्पन्नाचा वाटा जहाजाला देते. प्रवासाच्या पहिल्याच दिवशी तेथे दालन दाखवण्याचा कार्यक्रम होतो, चिठ्ठ्या टाकून एखाद्याला मोफत मालिश मिळते, त्वचा किंवा पाठदुखी या विषयावर फुकट व्याख्यान असते. जहाज बंदराला लागले आणि बहुतेक प्रवासी किनाऱ्यावर उतरले की दर कमी केले जातात. येथवर यात गैर असे काही नाही. रिकामा वेळ स्वस्तात विकणे हा कोणत्याही दुकानाचा हिशेब आहे.

खरी विक्री सुरू होते ती उपचार संपत आल्यावर. आरंभी भरून घेतलेल्या कागदावर ग्राहकानेच आपल्या तक्रारी लिहिलेल्या असतात: डोळ्यांखालची वर्तुळे, गालावरचे डाग, गुडघ्यांची सूज. तासभर मऊ हातांनी मालिश झालेले असते, चष्मा काढून ठेवलेला असतो, अंगावर पांढरा झगा असतो. अशा वेळी हळू आवाजात सांगितले जाते की त्वचा फार कोरडी झाली आहे, शरीरात विषारी द्रव्ये साठली आहेत, आजच्या उपचाराचा गुण टिकवायचा तर घरी तीन महिने ही चार उत्पादने वापरावी लागतील. औषधाच्या चिठ्ठीसारखा कागद पुढे येतो. त्यावर किंमत असते किंवा नसते. असली तरी ती डॉलरमध्ये असते. ‘ही सवलत फक्त आजच’ हे वाक्यही बहुधा असते.

पुण्याच्या बाजारात चाळीस वर्षे भाव केलेली गृहिणीदेखील येथे गप्प होते, याचे आश्चर्य वाटायला नको. ती उभी नाही, पहुडलेली आहे. पिशवी खांद्यावर नाही, कुलूपबंद कपाटात आहे. शेजारचे दुकान नाही; चहूकडे समुद्र आहे. आणि जिला नकार द्यायचा, तिनेच आताच आपले पाय चेपले आहेत. ज्या हाताने सेवा घेतली त्या हाताला रिकामे परतवू नये, हा संस्कार चांगला आहे. पण येथे त्या संस्काराचेच भांडवल केले जाते. वर तिच्या मनात एक बारीक काटा रुतवलेला असतो, की तिचा चेहरा आहे तसा पुरेसा नाही. साडी न घेता उठणाऱ्या बाईला फक्त संकोच वाटतो. या दालनातून नकार देऊन उठणारीला स्वतःच्या रूपाविषयी शंका घेऊन उठावे लागते.

पैसे देण्याचा क्षणही लपलेला असतो. जहाजावर रोख रक्कम सहसा चालत नाही. खोलीचे कार्ड दाखवायचे, सही करायची. अनेक जहाजांवर सेवेपोटी काही टक्के वरखुशीही आपोआप जोडली जाते. सगळा आकडा शेवटच्या सकाळी दिसतो, तेव्हा सामान बांधलेले असते आणि उतरण्याची घाई असते. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान न वाढवणाऱ्या व्यापाऱ्याच्या घरातील हिशेब चार दिवस न पाहता राहतो, तो असा.

समोरच्या मुलीवर राग धरणे मात्र अन्यायाचे ठरेल. फिलिपाइन्स, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया किंवा भारतातूनच आलेली ती मुलगी महिनोन्‌महिने घरापासून दूर असते. तिच्या कमाईचा मोठा भाग विक्रीच्या टक्केवारीवर अवलंबून असतो आणि प्रत्येक फेरीला विक्रीचे लक्ष्य ठरलेले असते. ज्या मालकाने पगाराऐवजी लक्ष्य दिले, त्याने आपला आग्रह तिच्या तोंडी घातला. पुण्यात आज मॉलमधील प्रसाधनांच्या काउंटरवर किंवा उपनगरांतील पार्लरमध्येही हीच पद्धत आढळते. स्वतःच्या दुकानात नोकर ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या ठिकाणी थोडे थांबून विचार करावा. विक्रेत्याला लक्ष्य देताना ग्राहकाची पायरी तर काढून घेतली जात नाही ना?

मालाचा प्रश्न वेगळाच आहे. मोसंबीच्या सालीसारखा वास येणाऱ्या डबीत काय आहे, हे वासावरून कळत नाही. ओठांच्या तांबड्या रंगातील कार्माइन, ज्याची खूण सी.आय. ७५४७० अशी असते, ते कोचिनील नावाच्या किड्यांपासून निघते. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतील चरबी असते. कोलॅजन बहुधा मासे किंवा गुरांच्या कातडीपासून मिळवतात, तर केराटिन लोकर, पिसे, खूर यांपासून. स्क्वालिन पूर्वी मुख्यतः शार्क माशाच्या यकृतापासून काढत. आता ते ऑलिव्ह आणि उसापासूनही तयार होते, म्हणून नुसते नाव वाचून भागत नाही, उगम विचारावा लागतो. भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशा चाचणी झालेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी घातली. दूरच्या समुद्रात, परदेशी ध्वजाच्या जहाजावर विकत घेतलेल्या डबीला हे संरक्षण गृहीत धरता येत नाही. जेवणात बटाटा नको म्हणून तीनदा विचारणाऱ्याने मलमाविषयी एकदा तरी विचारावे.

गमतीची गोष्ट अशी की, ग्राहकाचा हा उतरण्याचा अधिकार देशाला सांगण्याचे काम पुण्यानेच केले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये येथे ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक आहे. २०२३ मध्ये ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या रचनांविषयी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तेरा प्रकार नोंदले आहेत. खोटी घाई करणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणे हे त्यांतलेच. पडद्यावर जे गैर ठरले, ते मालिशच्या टेबलाशेजारी योग्य कसे ठरेल? मात्र परदेशी जहाजाच्या बाबतीत दाद कोठे मागायची, हे पुष्कळदा तिकिटाच्या बारीक अक्षरांत बांधलेले असते. म्हणून तेथे कायद्याआधी स्वतःचा निश्चय उपयोगी पडतो.

तो निश्चय कसा करावा, हे जैन घरांना नव्याने शिकवण्याची गरज नाही. श्रावक रोज सकाळी चौदा नियम धारण करतो. आज किती द्रव्ये खाईन, किती वस्त्रे वापरीन, किती अंतर जाईन, याची मर्यादा तो मोह समोर येण्याआधीच ठरवतो. त्या चौदांत ‘विलेपन’ हा एक नियम आहे. अंगाला लावायचे लेप, तेले, उटणी यांची ती मर्यादा. सकाळी स्वस्थ चित्ताने ठरवलेली संख्या संध्याकाळी कोणाच्या गोड बोलण्याने बदलत नाही, यात या नियमाचे बळ आहे. विकणाऱ्यासाठीही शिकवण आहेच. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे येतात, तसाच ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो: अस्सल म्हणून नक्कल देणे. उपचाराचे रूप देऊन विक्री करणे त्याच्या किती जवळ जाते, हे ज्याचे त्याने पाहावे.

तेव्हा जहाजावर जाणाऱ्याने मालिश टाळावे असे नाही. उपचार ठरवतानाच वरखुशीसह पूर्ण रक्कम विचारावी आणि ‘आज काही घेणार नाही’ हे आडवे होण्याआधी, उभ्यानेच सांगावे. एखादी वस्तू खरोखर आवडली तर तिचे नाव लिहून घ्यावे आणि एक रात्र जाऊ द्यावी. खोलीच्या खात्याचा हिशेब रोज संध्याकाळी पाहावा. न मागितलेली वस्तू त्यात दिसली तर जहाज सोडण्याआधी, खात्याच्या काउंटरवर जाऊन ती काढून घ्यावी.

सायंकाळी बोहरी आळीतील गर्दी ओसरते. सकाळी ‘पुढे पाहून येतो’ म्हणून गेलेला सासवडचा दुकानदार परतलेला असतो. त्याने तीन दुकाने पाहिली, यादीतल्या दोन वस्तू खोडल्या आणि आता तो निवांत पायरीवर बसून माल बांधून घेत असतो. गल्ल्यावरचा मालक त्याच्यासाठी चहा मागवतो. सौदा आधी झाला आणि चहा नंतर आला, त्यामुळे त्या चहाचे ओझे कोणावरच नसते.