पेरेरांचे घर

कोलंबोला मी एका पेरेरांकडे उतरलो होतो. गोव्यातील परेरा कुटुंबे माहीत असल्याने सहज विचारले, "आपले चर्च जवळच आहे का?" यजमानांनी हसून बुद्धमूर्तीपुढील दिवा दाखविला. मी ओशाळलो.

सोळाव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांना १६५८ पर्यंत डचांनी घालवून दिले. बाप्तिस्म्यासोबत आलेली पेरेरा, सिल्वा, फर्नांडो ही आडनावे मात्र राहिली. पुढे कित्येक घराणी बौद्ध धर्माकडे परतली. काहींनी आडनावेही टाकून सिंहली नावे घेतली.

"आपण नाही बदललेत?"

"आजोबांची सही याच नावाची आहे."

पोर्तुगीज भाषेत परेरा म्हणजे नासपतीचे झाड, असे मी सांगितले. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आमच्या अंगणात तर फणस आहे!"