ट्रेक ठरवायचाय? आधी वाट शिल्लक आहे का बघा

थंडी पडली की पुण्या-मुंबईच्या मित्रांचे फोन सुरू होतात. "किनाऱ्याने एक दिवसाचा ट्रेक ठरव रे. फार अवघड नको, पण बागेत फिरल्यासारखाही नको." यंदा मी वेंगुर्ला तालुक्यातला भोगवे ते खवणे ठरवला. साधारण नऊ-दहा किलोमीटर. थांबत, बघत गेलं तर पाच-सहा तास. पण तो ठरवताना जे कळलं ते ट्रेकपुरतं नाही, म्हणून लिहितोय.

वाट अशी : कुडाळला उतरायचं, परुळेमार्गे भोगव्याला यायचं. कर्ली नदीच्या मुखाकडून दक्षिणेला भोगव्याची पुळण, मग किल्ले निवती. गडावर तटबंदीचे अवशेष आहेत, पण खरी श्रीमंती समोरच्या समुद्राची. हवा स्वच्छ असली तर वेंगुर्ला रॉक्सची बेटं दिसतात. नशीब असेल तर डॉल्फिन. खाली उतरलं की निवतीचा किनारा, पुढे कधी खडक, कधी सडा, कधी सुरूचं बन, आणि शेवटी खवणे.

आता महत्त्वाचं. किनाऱ्याचा ट्रेक रविवार बघून ठरवायचा नसतो, तिथी बघून ठरवायचा असतो. हे मला एका म्हाताऱ्या रापणकरांनी शिकवलं. मी मोबाईलवर भरतीची वेळ शोधत होतो, तर म्हणाले, "ओ पत्रकार, घड्याळ कित्याक बघतास? आज तिथ खयची ती सांगा आधी."

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची अंदाजे वेळ. षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या आसपास पूर्ण भरती, आणि मध्ये पावणेअकराच्या सुमारास ओहोटी. चालायला उत्तम. आता पौर्णिमा घ्या : पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. ऐन दुपारी भरती, तीही उधाणाची. चांदण्याच्या हौसेने पौर्णिमेचा शनिवार-रविवार धरून येणारे लोक नेमके दुपारी खडकांच्या नाकाड्यावर अडकतात ते यामुळे. म्हणून आम्ही षष्ठी धरलीय. सातला निघायचं, साडेनऊ ते बारा या वेळात खडकाचा भाग उरकायचा. अंदाज तिथीवरून घ्या, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावर पडताळा.

बाकी तयारी नेहमीचीच. माणशी तीन लिटर पाणी, कारण सड्यावर सावली नाही. पायात पकड असलेले बूट. गवतातून चालताना काठी आपटत जायचं, फुरसं इथे दुर्मीळ नाही. मोबाईलला रेंज असेलच असं नाही, त्यामुळे गावात एकाला तरी सांगून ठेवायचं की अमुक वेळेपर्यंत आम्ही खवण्यात पोचतोय. जेवण गावातल्याच घरी, आदल्या दिवशी सांगून.

एवढं सगळं ठरलं आणि मी एकटाच वाट बघायला गेलो. मधल्या एका सड्यावर वाट संपली. चिऱ्याचा गडगा, वर तारा, लोखंडी गेट, आत कलमं. (जागा मुद्दाम सांगत नाही, वाद गावाने सोडवायचा आहे.) गडग्याकडेने उतरताना दोन बायका भेटल्या, डोक्यावर कालवांच्या टोपल्या. म्हणाल्या, "आमका आता दीड मैलाचो वळसो पडता."

आम्हाला वळसा पडला तर एक फोटो कमी मिळेल. त्यांचं तसं नाही. कालवं ओहोटीलाच काढता येतात. दीड मैल जाताना, दीड मैल येताना म्हणजे ओहोटीतला तासाहून जास्त वेळ गेला. तेवढा माल कमी, तेवढी कमाई कमी.

कायदा काय म्हणतो ते बघितलं. भरतीच्या रेषेखालची समुद्राची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारची. तिथे कुणी कुंपण घालू शकत नाही. पण तिथवर नेणारी सड्यावरची वाट खाजगी सातबाऱ्यातून जाते. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र सहा महिन्यांच्या आत. इथे गडगा घालून दोन पावसाळे झाले. आणि त्या बायकांचं पलीकडे शेत कुठे आहे? त्यांचं शेत म्हणजे खडक, आणि खडकाला सातबारा नसतो.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढली. त्यात ही वाटच नाही. म्हणजे जागा घेणाऱ्याने कागद बघूनच घेतली असणार, आणि कागदावर वाट नव्हती. त्याला खलनायक ठरवून पोस्ट लिहिणं सोपं आहे, पण पिढ्यानपिढ्या लोक चालले आणि नोंद कुणीच केली नाही, हे खरं दुखणं आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २०२१ मध्ये चिपीला विमानतळ सुरू झाला, तो या वाटेपासून जवळच. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या मोजण्या होतात. मोठ्या रस्त्यांना नकाशा मिळतो, पायवाटेला नाही. आणि पर्यटक इथे येऊन शेवटी चालणार कुठे, तर याच पायवाटेवर.

फार मोठं काही मागत नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा येतेय. किनाऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटांची यादी करा, कोण वापरतं ते लिहा, ठराव करा आणि तहसीलदारांकडे पाठवा. जिथे जागा विकली गेलीय तिथे मालकाशी बोला. बांधाच्या कडेने टोपली घेतलेलं माणूस जाईल एवढी पट्टी सोडायला बहुतेक लोक तयार होतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. माझं मत त्या गावात नाही, म्हणून ग्रामसभेत हे मी मांडू शकत नाही. तिथल्या वाचकांनी मांडावं.

ट्रेक होणार आहे. आठ जण आहोत आणि आम्हीही वळशानेच जाणार आहोत.

तुमच्या गावात अशी वाट असेल तर खाली लिहा : कुठून कुठे जाते, कोण वापरतं, आज चालू आहे की बंद. पन्नास वाटा जमल्या तर बातमी करतो, आणि यादी जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देतो.